हे पाणी चावत नाही

मोठी चादर एकट्याला पिळता येत नाही. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं, आणि समोरासमोर उभं राहून पीळ द्यायचा. दोघंही आपापल्या उजव्या बाजूला फिरवतात, म्हणून तर पीळ बसतो. एवढी साधी गोष्ट. पण पंचफुला, माझी बायको, जन्मभर मला म्हणत आली, "तुमी उलटं फिरवता." मी म्हणायचो, "मी उलटं फिरवतो म्हणून तर पिळल्या जाते."

मागच्या माघात एका सकाळी आम्ही लॉजच्या चादरी पिळत होतो. शेवटच्या चादरीला तेच.

"उलटं."

"बरं बापा, उलटं."

ती हसली, चादर दोरीवर टाकली, पदराला हात पुसले आणि चहा ठेवायला आत गेली. चहा झाला, बशीत ओतून प्यायलो. दुपारी जेवण झाल्यावर छातीत कळ येते म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. डॉक्टर आले तोवर संपलं होतं. संध्याकाळी मोर्णा नदीच्या काठी तिला पोचवून आलो.

हा अंक काढणारे गृहस्थ आमचे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, "वरठीबुवा, धंद्याबद्दल लिहा. तुम्ही बोलता तसंच लिहा." मी चौथीपर्यंत शिकलो. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी पाहावं, म्हणणं माझं आहे. आणि माझ्या धंद्याबद्दल लिहायचं तर मला तिच्या हातांबद्दलच लिहावं लागतं. दुसरं टेरिलिनबद्दल. दोन्ही एकच गोष्ट आहे, ते पुढं कळेल.

वरठी म्हणजे धोबी, आणि लोकांना वाटतं धोबी म्हणजे इस्त्री. इस्त्री रस्त्यावरून दिसते म्हणून. खरा धंदा मागं, भट्टीत. आमच्याकडं चुलाणावर मोठा हंडा असतो, त्यात पाणी. कपडे सोड्याच्या आणि साबणाच्या पाण्यात बुचकळायचे, त्या हंड्याच्या तोंडाभोवती गोल रचायचे, वरून झाकायचे आणि खाली जाळ लावायचा. वाफ रात्रभर कपड्यांतून चढत राहते. सकाळी घाटावर नेऊन दगडावर आपटले की मळ सुटतो. वकिलाचा सदरा असो की हमालाचं धोतर, वाफ सगळ्यांना एकच. माझ्या बापानं मला एवढंच शिकवलं, की भट्टी नीट लागली तर पुढचं आपोआप होतं. कोणत्या कपड्याला किती ऊन पाणी, असा प्रश्नच आमच्यात कोणी विचारत नव्हतं. बापाला विचारला असता तर त्यानं मलाच भट्टीवर ठेवलं असतं.

आमच्या भावकीत सोडा आणि घाट बाईचा, इस्त्री पुरुषाची. हे कोणी ठरवलं ते माहीत नाही. इस्त्री जड, तिच्यात निखारे, आणि दुकान रस्त्यावर, म्हणून असेल. बाईनं दुकानात उभं राहून इस्त्री करणं म्हणजे नवरा मेला किंवा पळाला, असं समजत.

आम्ही दर्यापूरकडच्या खेड्यातून अकोल्याला आलो, जुन्या शहरात एक खोली आणि पुढं ओटा असं दुकान मांडलं. तेव्हा तिचे हात चांगले होते का? मला आठवत नाही. चांगल्या हातांकडं कोण पाहतं! मी पाहिले तेव्हा पेरापेरावर चिरा पडलेल्या होत्या. सोडा कातडी खातो. त्यात कोणाचा कपडा कोणता ते ओळखायला आम्ही बिब्याच्या रसानं कोपऱ्यात खूण करतो, आणि बिबा अंगावर उततो. तेही काम तिचंच. हिवाळ्यात चिरा उघडायच्या. धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर लाल ठिपका पडायचा. तो काढायला धोतर परत सोड्यात, म्हणजे हातही परत सोड्यात. भाकरी थापताना पीठ चिरांत जायचं. ती कण्हायची नाही. भाकरीलाच शिव्या द्यायची.

करंजीचं तेल लावलं, मेण लावलं, कोणी सांगितला तो पाला बांधला. शेवटी अमरावतीला चामडीचे डॉक्टर आहेत असं कळलं, तिथं नेलं. डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले. म्हणाले, "बाई, सोडा बंद करा. नाहीतर ही बोटं मिटायची बंद होतील."

ती म्हणाली, "डाक्टरसाहेब, मंग सोड्यात काय पाय घालू?"

डॉक्टर हसले, मलम दिलं. अकोल्याच्या मोटारीत मी तिला म्हटलं, "अवं, राहू दे घाट. मी पाहीन."

"अन् धुईन कोन? तुमची माय येईन का वरून?"

माझी माय वारून कितीतरी वर्षं झाली होती. मलम चांगलं होतं, पण हात कोरडे राहतील तोवरच. आमच्या धंद्यात हात कोरडे कधी राहतात?

अशात टेरिलिन आलं.

आधी ते साहेबलोकांच्या अंगावर आलं. मुंबईहून कोणी आणायचं. म्हणायचे, याला सुरकुती पडत नाही, धुतलं की तासाभरात वाळतं, इस्त्री लागत नाही. आम्हाला हसू यायचं. इस्त्री लागत नाही असा कपडा म्हणजे भूक लागत नाही असा पाहुणा, कोणी पाहिला आहे?

माझा चुलतभाऊ नामदेव. आम्ही त्याला नामा म्हणतो. त्याची भट्टी आमच्या सगळ्यांत मोठी. स्टेशनाकडच्या एका साहेबानं त्याच्याकडं असा एक शर्ट टाकला. नामानं केलं ते आमच्यातल्या कोणीही केलं असतं. धोतरांमध्ये कोंबून भट्टीवर चढवला. सकाळी तो शर्ट निघाला तो वाळल्या पळसाच्या पानासारखा. जिथं जसा दाबला होता, तिथं तशीच घडी. पाण्यात घाला, ताणा, काही करा, घडी हलेना. नामा तो घेऊन माझ्याकडं पळत आला.

"दादा, तुह्या इस्त्रीनं काढून दे ना!"

मी इस्त्री चांगली तापवली आणि ठेवली. चर्र झालं. कपड्याला चकाकी आली आणि तो इस्त्रीच्या बुडाला चिकटला. वास असा सुटला, की शेजारची म्हातारी विचारायला आली, "काय जाळून राहिले रे?"

साहेब चांगला माणूस. शिव्या दिल्या, पण मोजक्या. म्हणाला, "ज्याच्यावर सुरकुती पडत नाही, त्याच्यावर न जाणाऱ्या सुरकुत्या पाडल्या. शाबास आहे तुमची!" शर्ट आमच्या ओट्यावर टाकला आणि गेला.

मग घाटावर सगळे वरठी जमले. ठरलं की हा कपडा आपल्या पोटावर उठला आहे, कोणी घ्यायचा नाही. मीही मान हलवली. घरी येऊन पंचफुलेला सांगितलं. ती त्या फेकलेल्या शर्टाला हात लावून पाहत होती.

"अवो, हा मेला नाई. याले तुमी जाळलं."

"मी नाई, नाम्यानं."

"दोघंही सारखेच."

दुसऱ्या दिवशी तिनं कात्रीनं त्या शर्टाचे तुकडे केले. एक तुकडा ऊन पाण्यात, एक कोमट पाण्यात, एक गार पाण्यात. मी विचारलं, "काहून हे?" तर म्हणे, "स्वयपाक करून राहिली." ऊन पाण्यातला तुकडा तिनं मुठीत दाबला आणि तसाच थंड होऊ दिला. त्याच्यावर घड्या बसल्या त्या बसल्याच. कोमट पाण्यातला झटकला, दोरीवर टाकला, तो सपाट वाळला. मला बोलावून म्हणाली, "पाहा. सुती कपडा मय पिऊन घेते. हा पितच नाई. याचा मय वरच बसते. मंग याले भट्टी कायले?"

मय म्हणजे मळ, आमच्या बोलीत. तिनं शोधलं ते असं: कोमट पाणी, साबणाचा कीस, सोडा नाही. कॉलर तेवढी बोटानं चोळायची, कारण तेलकटपणा तिथं धरतो. पिळायचं नाही, आपटायचं नाही, ठिबकता कपडा खांद्याला धरून सावलीत टाकायचा. इस्त्रीचंही तिनं उलटं केलं. आम्ही आधी इस्त्री लाल तापवायचो आणि सुतीपासून सुरू करायचो. ती निखारे टाकल्या टाकल्या, इस्त्री जेमतेम कोमट असताना टेरिलिन घ्यायची, तेही वर ओलं फडकं ठेवून. मग रेशीम. इस्त्री तापत जाईल तसे सुती कपडे. आता सगळीकडं तसंच करतात. मी आमच्या घरात पहिल्यांदा पाहिलं, एवढंच सांगतो.

पण मी सांगणार होतो ते हे नाही. त्या चिंध्यांत ती रोज हात घालून बसायची. मी म्हणायचो, हिला नवा छंद लागला. एका संध्याकाळी मी कोळसे विझवत होतो, तर ती जवळ येऊन उभी राहिली. हात पुढं केले.

"अवो, हे पानी चावत नाई."

मी पाहिलं. चिरा होत्या, पण ओल्या नव्हत्या.

मग तिनं तिचं म्हणणं सांगितलं. टेरिलिन, नायलॉन, रेशीम, असलं सगळं आपण घ्यायचं. ते ती धुणार. इस्त्रीही तीच करणार, "काहून का तुमी जायता." म्हणजे जाळता. आणि भट्टी, सोडा, घाट माझ्याकडं.

"अन् लोक काय म्हनतील?"

"लोकाईचे हात फाटले का?"

मी काही दिवस तोंड फिरवून होतो. मग थंडी सुरू झाली. एका सकाळी दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर मला लाल ठिपका दिसला. गाठोडं उचललं आणि घाटावर गेलो.

घाटावर जे हसले, ते हसले. नामा म्हणाला, "दादा, वयनीले दुकानावर बसवलं अन् तू इथं? आता लुगडं बी नेस!"

मी म्हटलं, "नेसीन. तू चांगलं धुऊन देशीन का? का त्याच्याही सुरकुत्या पाडशीन?"

त्याच्यावर बायका जास्त हसल्या. पुढच्याच हिवाळ्यात माझी बोटं फाटली. मी कण्हत घरी आलो. तिनं करंजीचं तेल गरम केलं, माझा हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "आता समजलं सोडा काय असते?" तेल मात्र हळू लावलं.

दुकानात तिनं एक एक गिऱ्हाईक असं धरलं की सुटलं नाही. टेरिलिनवाले कोपऱ्यात बिब्याचा डाग पडू द्यायचे नाहीत. ती रंगीत दोऱ्याचा टाका घालायची, प्रत्येकाचा रंग वेगळा. त्यामुळं बिबाही सुटला. एक वखारवाले शेठ होते. त्यांना टेरिलिनच्या शर्टाला खळ पाहिजे होती.

"कडक पायजे, कडक! कॉलर उभी राह्यली पायजे."

"शेठजी, याले खळ धरत नाई."

"पैशे मी देतो ना? लाव."

तिनं लावली. शेठ लग्नाला गेले आणि अंगावरून कोंडा पडल्यासारखी खळ काळ्या कोटावर पडली. तणतणत आले. ती म्हणाली, "शेठजी, हा कपडा नाई होत कडक. तुमीच जरा ताठ चाला." शेठ आधी रागावले, मग हसले, मग ओट्यावर बसून चहा प्यायले.

दुसरे एक तरुण गृहस्थ होते, नव्यानंच नोकरीला लागलेले. त्यांच्याकडं टेरिलिनचा शर्ट एकच. तो रोज पाहिजे. सुट्टीच्या दिवशी दुपारी यायचे, शर्ट काढून द्यायचे आणि वाळेपर्यंत आमच्या ओट्यावर बनियनवर बसून राहायचे. वर्तमानपत्र तोंडापुढं धरायचे, ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून. पण त्यांचे केस असे, की सारं जुनं शहर ओळखायचं. पंचफुला त्यांना भुईमुगाच्या शेंगा द्यायची. हा अंक काढणारे गृहस्थ तेच. हे वाक्य ते कापतील असं वाटतं.

आता हातांचं सांगतो. आमच्या गल्लीत रशीदाबी यायच्या, बांगड्या भरायला. बांगडी भरायची म्हणजे हात दाबून, पंजा आवळून काच वर चढवायचा. चिरा पडलेल्या हाताला ते सोसत नाही. कितीतरी वर्षं रशीदाबी आल्या, की पंचफुला आत काम काढायची. मनगटात जुन्या सैल दोन बांगड्या, त्याच. लग्नाकार्यातही त्याच. बायका विचारायच्या, ती म्हणायची, मले आवड नाई.

एकदा नागपंचमीच्या आधी मी घाटावरून येत होतो, तर ओट्यावर बायका जमलेल्या. मधोमध पंचफुला, हात पुढं करून. रशीदाबी तिचा पंजा आवळत होत्या आणि म्हणत होत्या, "अरी, ये हाथ किसका है? वरठीन का तो नहीं. किसी मास्तरनी का उठा लाई क्या?"

"तुमी भरा ना चूप! ढिली नको, घट्ट बसली पायजे."

"दुखा तो बोल."

"नाई दुखत."

हिरव्या बांगड्या होत्या. मनगटापासून वर पार भरल्या होत्या, कोपर तेवढं बाकी ठेवलं होतं. मी गाठोडं घेऊन तसाच उभा होतो. माझ्याकडं पाहून म्हणाली, "काय पायता? इस्त्रीत निखारे टाका." मी टाकले. बोलायला काही सुचलं नाही. आजही सुचत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आता सगळे टेरिकॉट घालतात, म्हणजे सूत आणि टेरिलिन मिळून विणलेलं. घरीच धुतात, घरीच वाळवतात. आमच्यातले कितीतरी घाट सोडून गेले, कोणी कापसाच्या जिनिंगमध्ये, कोणी रिक्षावर. नामाची भट्टी दिवसाआड पेटते. घाटावर पूर्वी पहाटे जो आवाज असायचा तो राहिला नाही. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. भावकीत कोणी टेरिलिनला शिव्या द्यायला लागलं, की मी उठून जातो. त्यांचं पोट मारलं ते खरं असेल. माझ्या बायकोला मात्र त्यानं हात परत दिले. ज्यानं कोणी तो कपडा काढला, तो कोणत्या मुलखाचा मला ठाऊक नाही, त्याला माझा रामराम.

त्या हातांना पुढं नुसता स्पर्श पुरायचा. कपड्यांचा ढीग आला, की ती गप्पा मारत हात फिरवायची आणि वेगळे करायची. हा भट्टीत, हा कोमट पाण्यात, हा गार. टेरिकॉटमध्ये सूत किती आणि टेरिलिन किती, तेही चिमटीत धरून सांगायची. मी शिकलो नाही. ती होतीच.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नामा सायकल घेऊन आला. आमच्यात रीत अशी, की वरठ्याच्या घरी मयत झालं, तर गिऱ्हाइकांचे कपडे भावकीतल्या दुसऱ्यानं न्यायचे, धुऊन द्यायचे. सुतकात काम बंद, पण लोकांचं अडू द्यायचं नाही. परतवाड्याला दिलेली आमची लेक आली होती, ती रडून रडून झोपली होती. नामानं चादर पसरली आणि सगळा ढीग एकदमच बांधायला लागला.

"थांब," मी म्हटलं. "असं नको नेऊ."

"दादा, तू बस ना. मी पायतो."

"तू पायतो म्हनूनच थांब म्हनलं."

मी ढिगापाशी बसलो. सुती इकडं, टेरिलिन तिकडं, एका बाईचं रेशमी लुगडं अलग. डोळ्यांनी कळत होतं तेवढं केलं. एक शर्ट मात्र कळेना. फिकट पिवळसर, मऊ. सुती असेल, तर नामाच्या भट्टीत गेला तरी चालेल. टेरिकॉट असेल, तर जन्माचा गेला. चिमटीत धरला. चोळला. माझ्या बोटांना काहीच लागेना. इतक्या वर्षांच्या सोड्यानं ती लाकूड झाली आहेत. गालाला लावला, तरी कळेना.

"काय झालं, दादा?"

"हा राहू दे. बाकीचे ने."

नामा बाकीची गाठोडी सायकलला बांधत होता. मी चुलीवर पाणी ठेवलं. बोटांना ऊन-गार समजत नाही, म्हणून कोपर बुडवून पाहिलं. थोडं गार पाणी मिसळलं, परत कोपर बुडवलं. साबण किसला. शर्ट पाण्यात सोडला.

नामा धावत आत आला. "अरे दादा, काय करून राहिला? सुतक हाय ना! लोक काय म्हनतील?"

"भिजला आता," मी म्हटलं, आणि कॉलर चोळायला घेतली.